पाण्यात कापायचं, फुंकर मारायची नाही

आमच्या ह्यांना विमानवाल्या मंडळींत सगळे पाणबुड्या म्हणतात. तोंडावर नाही, मागून म्हणतात, आणि ह्यांनाही ते ठाऊक आहे. धंदा फोटोफ्रेमचा, नाद रिमोटवरची विमानं उडवायचा. खेळण्यातली विमानं म्हटलेलं खपत नाही, मॉडेल म्हणायचं. तर ह्या मॉडेलांना कार्बन फायबरची शीट लागते. काळी, पातळ, वजनाला काहीच नाही आणि कडक एवढी की वाकता वाकत नाही. ही शीट आमचे हे पाण्यात बुडवून कापतात, म्हणून पाणबुड्या.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक पांढरा पसरट ट्रे आहे. मूळचा माझ्या स्वयंपाकघरातला. एकदा नेला तो परत आलाच नाही. त्यात बोटभर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. शीटला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावायची, म्हणजे कडेचे धागे निघत नाहीत. पट्टीवर पेन्सिलीने रेघ. मग डोळ्यांवर गॉगल, तोंडावर घट्ट बसणारा मास्क, हातात मोजे, आणि अंगात तो एक जुना शर्ट, जो घरातल्या कपड्यांत मिसळायचा नाही अशी मला सक्त ताकीद. कापायचं ते हिऱ्याची कणी लावलेल्या बारीक करवतीने, हातानेच, कारण विजेचं यंत्र पाण्याजवळ आणायचं नाही. कापून झालं की झाडू लावायचा नाही, फुंकर तर मुळीच मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

नवीन कोणी शिकायला आलं की हे पुराण पहिल्यापासून सुरू. ही पूड छातीत गेली की निघत नाही, कातडीत शिरली की दिवसभर खाजवत बसाल, असं हे इतक्या गंभीर आवाजात सांगतात की समोरचा माणूस श्वास रोखूनच बसतो. मग मी दारातून म्हणते, अहो, त्यांना श्वास घेऊ द्या, अजून काही कापलेलं नाही.

एवढा सांभाळून वागणारा माणूस. पण एक दिवस ह्याच माणसाने ट्रे भरायचा कंटाळा केला, त्याच दिवशी चार लोकांत एक वाक्य बोलून गेला, आणि त्या वाक्याने माझ्या दिराचा हात गेला. हात तुटला असं नाही. हातावरचा विश्वास गेला. सांगताना मला राग येणार आहे, तो आधीच सांगून ठेवते.

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. त्यांचं दुकान आमच्या दुकानाला लागूनच होतं. रेडिओ, पंखे, इस्त्र्या, मिक्सर, जे बिघडेल ते त्यांच्याकडे. मधल्या भिंतीत एक लहानशी खिडकी पाडली होती, चहाचे कप इकडून तिकडे द्यायला. कपांपेक्षा गप्पाच जास्त जायच्या तिच्यातून. हे अबोल, भावजी बडबडे. ह्यांनी काच कापायला घेतली की तिकडून ओरडायचे, दादा, हळू, काचेला लागेल.

सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून तारांना जोड द्यायचं काम, करावं तर भावजींनी. जोड दिला की तो थंड होऊ द्यायचे, मग नखाने ओढून बघायचे, भिंगातून बघायचे आणि स्वतःशीच मान डोलवायचे. माझा मिक्सर त्यांनी एकदा दुरुस्त केला, तो पुढे दोन भांडी खाऊन बसला तरी आतली तार काही सुटली नाही. लोक लांबून यायचे त्यांच्याकडे. हे स्वतःच्या कामाबद्दल कधी चकार शब्द काढायचे नाहीत, पण भावाच्या हाताबद्दल मात्र गिऱ्हाइकांना थांबवून सांगायचे.

मॉडेलं दोघं मिळून बनवायचे. सांगाडा, पंख, शेपटी ह्यांची. मोटर, बॅटरी आणि रिसीव्हर भावजींचा. रिसीव्हर म्हणजे रिमोटवरून दिलेले हुकूम विमानात बसून ऐकते ती काडेपेटीएवढी पेटी. ती बहिरी झाली की विमान गेलंच समजायचं. सुट्टीच्या दिवशी दोघं स्कूटरवर बसून शहराबाहेरच्या मैदानावर जायचे. भावजी मागे, मांडीवर विमान आडवं, आणि रस्त्यात भेटेल त्याला हात करत. चाळिशीला आलेले दोन बाप्ये, पण परत आले की चेहरे शाळा सुटल्यासारखे.

त्या वर्षी विमानवाल्यांच्या क्लबाची मोठी स्पर्धा होती. बाहेरगावचे लोक येणार होते. सकाळी निघायच्या वेळी हे मोटरचे स्क्रू आवळत होते आणि मोटर ज्या पट्टीवर बसते ती कार्बनची पट्टी तडकली. नवी पट्टी म्हणजे बिस्किटाएवढा तुकडा. भावजींनी त्याच टेबलावर रिसीव्हर उघडून एका तारेला नवा जोड दिला होता, तो थंड होत ठेवला होता, आणि ते बॅटरी चार्ज झाली का बघायला पलीकडे गेले होते. मी डबा घेऊन दारात उभी. ह्यांनी ट्रेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि फ्रेमची लाकडं घासायची विजेवरची चकती उचलली. एवढ्याशा तुकड्याला कोण पाणी भरत बसणार, असं काहीतरी पुटपुटले. चकती फिरली, काळा धूर उडाल्यासारखं झालं. मास्क होता तोंडावर, तेवढं भान होतं. कापून झाल्यावर मास्क खाली ओढला आणि टेबलावर एक जोरात फुंकर मारली.

मी म्हटलं, आता कुठे गेली तुमची शिस्त. उशीर होतोय, गप बस, म्हणाले. भावजी आले, पेटीचं झाकण लावलं, विमानात बसवली, आणि दोघं गेले. दुसऱ्या दिवशी ह्यांचा चांगला शर्ट मी हाताने धुतला तर मनगटापासून कोपरापर्यंत नुसती खाज. मी ह्यांना लाखोली वाहिली. तेव्हा तेवढ्यावरच राहिलं.

मैदानावर काय झालं ते मी ऐकून सांगते आहे, पण इतक्यांदा ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. विमान झकास उठलं. पहिली फेरी छान, दुसरी छान. तिसऱ्या फेरीत वळण घेताना ते एकदम ऐकेनासं झालं. हे रिमोटच्या काड्या दाबताहेत आणि विमान आपलं सरळ लोकांकडे. लोक पळाले. पंच म्हणून एक वयस्क गृहस्थ खुर्चीत बसले होते, त्यांच्या खांद्याला घासून ते जमिनीत घुसलं. त्यांना खरचटण्यावर भागलं, नशीब. पण सगळी गर्दी गोळा झाली, बाहेरगावचे लोक तोंडावर हात ठेवून बघताहेत, आणि कोणीतरी विचारलं, काय झालं हो?

तेव्हा आमचे हे बोलले, "सोल्डर कच्चं राहिलं असणार."

बस, एवढंच. शिवी नाही, भांडण नाही. भावजी शेजारीच उभे होते, हातात शेपटीचा तुकडा घेऊन. बडबडा माणूस, पण त्या दिवशी तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

भांडले असते तर बरं झालं असतं असं मी आजही म्हणते. भांडण मिटवता येतं. हे दोघं एकमेकांशी चांगलं वागायला लागले. खिडकीतून चहा जायचा, पण गप्पा गेल्या. भावजी एकेका जोडाला तीन तीन वेळा सोडवून पुन्हा जोडायला लागले. गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं आणि भावजी भिंगातून बघताहेत, मान काही डोलत नाही. मग काम परत पाठवायला लागले. हे माझ्याच्याने होणार नाही, दुसरीकडे दाखवा. आठवड्यातून दोनदा दुकान बंद, मग रोजच. शेवटी एका गोदामात नोकरी धरली, आलेली खोकी उतरवून घ्यायची आणि जाणारी चढवून द्यायची. मधली खिडकी आम्ही प्लायवूड ठोकून बंद केली, कारण पलीकडे चपलांचं दुकान आलं.

मी ह्यांना म्हणायचे, जाऊन बोला त्यांच्याशी. हे म्हणायचे, मी काय केलंय, त्याने मनाला लावून घेतलं त्याला मी काय करू. फुटलेलं विमान माळ्यावर एका खोक्यात पडून होतं. भावजींनीच आणून दिलं होतं, मला ते बघवत नाही म्हणून. रिसीव्हर उघडून नक्की काय झालं ते बघावं, असं त्यांना वाटलं नाही, कारण त्यांना भीती वाटत होती. ह्यांनी का बघितलं नाही हे मला कळायचं नाही. काचेवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी काच बदलणारा माणूस.

अशीच वर्षं गेली. माझे केस पिकले, ह्यांचे गेले. ट्रे, पाणी, मास्क, फडकं, सगळं पुराण चालूच. उलट त्या दिवसानंतर ह्यांनी पाण्याबाहेर एक तुकडा म्हणून कापला नाही.

परवा परवा क्लबात एक नव्या बाई आल्या आहेत, दातांच्या डॉक्टर. ड्रोन उडवतात, हसत्या खेळत्या आहेत, मला आवडतात. त्या एकदा जळका वास मारणारा एक सर्किटचा तुकडा घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, काका, तुमचं न ऐकता घरी टेबलावर कोरडंच कापलं बघा, बाजूला हे उघडं पडलं होतं, बटण दाबलं आणि फट्. त्या स्वतःवरच हसत होत्या. म्हणाल्या, कार्बनची पूड वीज वाहून नेते हे माझ्या डोक्यातच आलं नाही, तारेचे बारीक तुकडे शिंपडल्यासारखंच झालं की हे.

मी चहा ओतत होते. ह्यांच्या हातातलं भिंग खाली आलं. चेहरा असा पडला की बाईंनी घाबरून विचारलं, बरं वाटत नाही का. हे म्हणाले, नाही, ठीक आहे. त्या गेल्यावर हे स्टुलावर बसले. मग मला विचारलं, "त्या स्पर्धेनंतर माझा शर्ट धुताना तुला खाज सुटली होती ना?"

मी हो म्हटलं, आणि म्हणता म्हणता मलाही सगळं दिसलं. उघडी पेटी, टेबल, फुंकर.

माळ्यावरचं खोकं मीच काढलं, ह्यांना शिडी चढवेना. पेटीचं झाकण उघडताना ह्यांना चार वेळा स्क्रूड्रायव्हर सरळ करावा लागला. आत बघितलं, मग भिंग माझ्याकडे दिलं. मला त्यातलं काय कळणार, पण एवढं कळलं की आतल्या चिपच्या बारीक पितळी पायांच्या मध्ये काळे, चमकणारे, केसांहून बारीक तुकडे अडकले होते आणि एका जागी करपलेलं होतं. आणि भावजींनी त्या दिवशी दिलेला जोड जागच्या जागी होता, गोल, लख्ख. हे नखाने तो ओढत राहिले. सुटेना. विमान आपटून तुकडे झाले, इतकी वर्षं माळ्यावर काढली, तरी तो जोड सुटला नव्हता.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊ या. हे म्हणाले, उद्या. उद्याचा परवा झाला. जेवण जाईना, दुकान उघडून नुसते बसून. मला दया येत होती आणि चीडही येत होती. एवढ्या वर्षांचं ओझं त्या माणसाने एकट्याने वाहिलं, आता दोन पावलं चालणं तुमच्या जिवावर येतं का, असं मी स्पष्ट विचारलं. तेव्हा उठले.

भावजी गोदामातून नुकतेच आले होते. पाय पाण्यात सोडून बसले होते. आम्हाला दोघांना अवेळी बघून गडबडले, जाऊबाईंना चहा टाकायला सांगितलं. ह्यांनी पेटी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. ट्रे भरला नाही ते, चकती, फुंकर, पूड, सगळं. एक शब्द गाळला नाही, तेवढं मी म्हणेन. भावजींनी भिंग मागितलं. घरात भिंग नव्हतं. ज्याच्या खिशात कायम भिंग असायचं त्याच्या घरात भिंग नव्हतं. मी आमचं नेलं होतं, ते दिलं.

त्यांनी खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे जोड बरोबर होता."

हे म्हणाले, होता. भावजींनी पुन्हा एकदा तेच विचारलं, आणि ह्यांनी पुन्हा हो म्हटलं. जाऊबाई चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. त्या मला नंतर म्हणाल्या, घरातला टेबलफॅन बिघडला तरी हे तो दुसऱ्याकडे टाकतात, प्लगची तार बदलायची तरी मला सांगतात.

हे म्हणाले, पुन्हा सुरू कर, मी जागा बघतो, आपण दोघं मिळून बसू. भावजींनी उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. खोकी उचलून उचलून आणि वयाने. म्हणाले, आता नाही रे दादा. माफी मागायला ह्यांनी तोंड उघडलं, तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, घरात नको. जिथे बोललास तिथे सांग. चार लोकांत बोलला होतास, चार लोकांत सांग.

सुट्टीच्या दिवशी रिक्षा करून आम्ही तिघं मैदानावर गेलो. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिथे जात होते, आणि रस्ता आपल्याला कोणी विचारेल म्हणून तयार असल्यासारखे बाहेर बघत होते. पोहोचलो तर ओळखीचं कोणी दिसेना. तेव्हाचे काही गेले, काही मुलांकडे परगावी, काहींनी नाद सोडला. नव्या लोकांनी ह्यांना काका काका करून घेरलं. ह्यांनी घसा साफ करून त्यांना सांगितलं, की अमुक वर्षी माझं विमान पडलं ते माझ्या चुकीने, माझ्या भावाचं सोल्डर पक्कं होतं. लोकांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या. एकाने विचारलं, कुठलं विमान, काका?

तेवढ्यात ते पंच दिसले. खूप म्हातारे, सावलीत खुर्चीवर. आमच्या ह्यांना जरा हायसं वाटलं. भावजींचा हात धरून त्यांच्यापाशी नेलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. पंचांना खांद्याची गोष्ट लगेच आठवली, ते हसायलाच लागले. म्हणाले, "अरे, मी तर आजवर सगळ्यांना सांगत आलो की बॅटरी उतरली होती. सोल्डरचं कोण कधी बोललं?"

भावजीही हसले. म्हणाले, कोणी नाही, आमचं आपलं घरातलं. मला त्यांच्या हसण्याकडे बघवेना, मी पलीकडे जाऊन उभी राहिले. ज्या वाक्यापायी ह्या माणसाने दुकान सोडलं, हात सोडला, ते वाक्य तिथल्या एकाही माणसाने घरी नेलं नव्हतं.

परतीची रिक्षा केली. भावजींची गल्ली जवळ आली तेव्हा त्यांनी ह्यांना विचारलं, "दादा, एक खरं सांग. तेव्हा तुला वाटलं होतं का, की सोल्डर कच्चं आहे?"

हे खोटं बोलू शकले असते. मला तर क्षणभर वाटलं की बोलावंच, बोला काहीतरी, वाटलं होतं म्हणा. पण आमचे हे खाली बघत म्हणाले, "नाही. तुझा जोड कधीच कच्चा नसतो. लोक बघत होते, काहीतरी बोलायला हवं होतं."

म्हणून पेटी उघडली नव्हती. आत कच्चा जोड सापडणार नाही हे ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

भावजींनी मान डोलवली. तशीच, पूर्वी जोड बघून डोलवायचे तशी. रिक्षा थांबली, ते उतरले, माझ्याकडे बघून येतो वहिनी म्हणाले. ह्यांना काही म्हणाले नाहीत. पेटी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, ती त्यांनी वरून हाताने चाचपली आणि गल्लीत वळले. हे रिक्षातून उतरायला लागले तर मी हात धरून बसवलं. मी म्हटलं, आता नको, आता त्यांना जाऊ द्या.